वारली चौक ते कलादालन : चित्राखालची पाटी कोण लिहितो?

#थ्रेड

आंदर मावळ म्हणजे आंद्रा नदीचे खोरे. टाकवे बुद्रुकपासून वडेश्वर, खांडीपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात शेतकरी गावांच्या जोडीला ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी समाजाच्या वाड्या आहेत. वारली समाजाचा मुलूख हा नव्हे. तो सह्याद्रीच्या पलीकडे, उत्तर कोकणात, डहाणू, तलासरी, विक्रमगड, जव्हारच्या बाजूला आहे. तरीही मावळात किंवा लोणावळ्यात पर्यटकांसाठी ‘आदिवासी वातावरण’ उभे करायचे ठरले की भिंतीला गेरूचा रंग चढतो आणि त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची माणसे फेर धरून नाचू लागतात. ती चित्रे मुळात कोणाची, हे त्या भिंतीवर लिहिलेले नसते.

एका समाजाच्या लग्नविधीतले चित्र अवघ्या महाराष्ट्राचे ‘आदिवासी चित्र’ कसे झाले? या प्रवासातला निर्णायक टप्पा मुंबईच्या काळा घोडा भागातील एका कलादालनात, १९७५ साली पडला. त्या प्रदर्शनात काय दिसले आणि काय दिसले नाही, हे समजून घेण्यासाठी थोडे दूर, कॅनडापर्यंत जावे लागेल. त्याविषयीचा हा थ्रेड.

आधी मूळ चित्र पाहू. वारल्यांच्या घरी लग्न असले की आतल्या, कमी उजेडाच्या भिंतीवर चौक काढतात. भिंत कुडाची, शेणामातीने सारवलेली, तिच्यावर गेरूचा हात. रंग एकच, पांढरा, तोही तांदळाच्या पिठाचा. कुंचला म्हणजे टोकाशी चावून मऊ केलेली बांबूची काडी. हे काम सवाशिणींचे. मधल्या मोठ्या चौकात पालघाट देवी असते. शेजारच्या लहान चौकात पाच शिरांचा देव. भोवती झाडे, नाच, वरात, घोड्यावर बसलेले नवरा-नवरी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, भगताच्या अंगात वारे येते, आणि देवीच्या साक्षीने लग्न लागते.

या चित्राला सही नसते. ते विकायचे नसते. आणि ते टिकवायचेही नसते. लग्न पार पडले, एखाद-दुसरा पावसाळा गेला, भिंत पुन्हा सारवली गेली की चौक नाहीसा होतो. पुढच्या लग्नाला नवा. काढणाऱ्या बाया पाड्यातल्याच, त्यामुळे हात कोणाचा हे विचारण्याची वेळ कोणावर येत नाही.

कलादालनाचा व्यवहार या तिन्ही बाबतींत अगदी उलटा आहे. तिथे सही लागते, किंमत लागते आणि वस्तू टिकावी लागते. या दोन जगांच्या मध्ये जी व्यक्ती उभी असते तिला आज क्युरेटर म्हणतात. आपल्या शासकीय संग्रहालयांत या पदाला ‘अभिरक्षक’ असा भारदस्त शब्द आहे, आणि मूळ लॅटिन धातूचा अर्थही काळजी घेणे असाच आहे. परंतु समकालीन कलेच्या प्रदर्शनात क्युरेटरचे काम राखणदारीच्या बरेच पुढे जाते. कोणाला बोलवायचे, कोणाचे चित्र कोणाच्या शेजारी टांगायचे, उजेड कुठे पाडायचा आणि चित्राखालच्या पाटीवर काय लिहायचे, हे तो ठरवतो. पाटीवर साधारण चार गोष्टी असतात : नाव, शीर्षक, साल, माध्यम. वारली चौकाला यांतले माध्यम तेवढे बिनतक्रार सांगता येते.

मुंबईत या पदाचा इतिहास जुना आहे. भायखळ्याचे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम या नावाने लोकांसाठी खुले झाले. डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर त्याच्या उभारणीत पुढाकार घेणारे जॉर्ज बर्डवुड हे या संग्रहाचे क्युरेटरही होते. बर्डवुडना भारतीय हस्तकलेविषयी खरोखरची आस्था होती. १८८० साली त्यांनी भारतीय कारागिरीवर मोठा ग्रंथ लिहिला. मात्र भारताकडे कारागिरी आहे, ललित कला नाही, हे त्यांचे ठाम मत. १९१० साली लंडनमधील एका सभेत त्यांनी ध्यानस्थ बुद्धमूर्तीला चक्क उकडलेल्या पुडिंगची उपमा दिली. त्यावर इंग्लंडमधील काही कलावंतांनी ‘द टाइम्स’मध्ये निषेधाचे पत्र छापले, आणि त्याच वर्षी इंडिया सोसायटी स्थापन झाली.

हा किस्सा गमतीचा वाटतो, पण त्यामागची विभागणी पुढे शतकभर टिकली. कारागिरी संग्रहालयात आणि हस्तकला भांडारात, कला कलादालनात. कारागिराची जात सांगायची, कलावंताचे नाव सांगायचे. भायखळ्याच्या त्या संग्रहालयात मुंबई इलाख्यातील निरनिराळ्या जातीजमातींच्या, व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृती आजही पाहायला मिळतात. तिथे माणसे नमुना म्हणून उभी आहेत.

आता विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ. १९६६-६७ मध्ये बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मिथिलेत पाठवले. भिंतींवर कोहबर रंगवणाऱ्या तिथल्या स्त्रियांना कागद द्यायचा, त्यांची चित्रे विकायची आणि हातात चार पैसे पडतील असे पाहायचे, अशी ती योजना. आज मधुबनी नावाने ओळखली जाणारी कागदावरची चित्रकला तिथून वाढली.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी हेच कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांमध्ये हिंडू लागले. सोबत कागद आणि रंग. अधिकारी म्हणून यायचे आणि पाहणी करून परतायचे, असा त्यांचा स्वभाव नव्हता. ते लोकांत राहिले आणि वारली चित्राला शहराच्या डोळ्यांपुढे आणण्याचे श्रेय निर्विवाद त्यांचे आहे. अशा मध्यस्थांविषयी आज सरसकट संशयाने बोलण्याची पद्धत पडली आहे. कुलकर्णींच्या बाबतीत ती अन्यायाची ठरेल.

या भ्रमंतीत समोर आलेले नाव म्हणजे जिव्या सोमा मशे. जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातील धामणगावचा. पुढे ते डहाणू तालुक्यात गंजाडजवळच्या कळंबीपाड्यावर स्थायिक झाले. सातव्या वर्षी आई गेली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणे थांबले आणि तो जमिनीवर धुळीत चित्रे काढून बोलू लागला, असे त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितले जाते. कारण काहीही असो, विधीसाठी आणि बायांनीच काढायचे चित्र हा पुरुष रोज, लग्नाशिवाय, केवळ काढावेसे वाटते म्हणून काढत होता. समाजाच्या दृष्टीने ही गोष्ट चमत्कारिक होती. आधुनिक कलेच्या दृष्टीने ती कलावंताची अगदी ओळखीची खूण होती.

१९७५ साली मशे यांची चित्रे मुंबईत गॅलरी केमोल्डमध्ये लागली. केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर हे दालन सुरू केले होते. जहांगीर स्वतः १९५२ ची. ज्या इमारतीत मुंबईच्या आधुनिक चित्रकारांनी आपली नावे कमावली, तिथेच आता एका वारली शेतमजुराचे नाव पाटीवर आले. संपूर्ण नाव, जातीच्या नावाआड न लपवलेले. बर्डवुडच्या विभागणीला मुंबईने दिलेले हे पहिले ठोस उत्तर मानायला हरकत नाही. पुढच्याच वर्षी मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्यांची चित्रे फ्रान्समध्येही पोचली.

कागद आणि कापड मिळाल्यावर चित्र बदलले. भिंतीवर देवी मध्यभागी असणे अनिवार्य होते. कागदावर ती सक्ती उरली नाही. मशे यांचे प्रसिद्ध मासेमारीचे जाळे पाहा : शेण आणि गेरूच्या पृष्ठभागावर पांढऱ्या बारीक रेघांचा एवढा मोठा विणलेला पडदा, की कोपऱ्यातली माणसे शोधावी लागतात. मुंग्यांचे वारूळ, भाताची खळी, रेल्वे, पाऊस, सारे विषय आत आले. चौकापासून सुटल्यामुळे ही चित्रे शक्य झाली, हे मान्य केले पाहिजे. कलादालनाने सगळे बिघडवले, ही मांडणी सोपी आहे आणि चूक आहे.

तरीही त्या पाटीने दोन गोष्टी झाकल्या.

पहिली गोष्ट बायांची. विधीचे चित्र त्यांचे, हात त्यांचा, काय काढायचे आणि काय नाही याचे ज्ञान त्यांचे. चित्र विकाऊ झाल्यावर मात्र ते मोठ्या प्रमाणावर पुरुषांकडे गेले. शहरात जाणे, व्यापाऱ्याशी बोलणे, परदेशी जाणे पुरुषांना सोपे होते. मिथिलेत असे पूर्णपणे घडले नाही. तिथे गंगादेवी, सीतादेवी, महासुंदरी देवी अशी स्त्रियांची नावेच पुढे आली. महाराष्ट्रात पहिल्या पिढीतल्या एखाद्या वारली चित्रकर्तीचे नाव सांगा म्हटले तर कलेचा विद्यार्थीही अडखळतो. यशोधरा डालमिया यांनी १९८८ साली ललित कला अकादमीसाठी वारली चित्रांवर सविस्तर पुस्तक लिहिले, त्यात चौक, धवलेरी आणि सवाशिणी यांना त्यांची जागा मिळाली. पण पुस्तक अभ्यासकांपुरते राहते. पाटी सगळे वाचतात.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. ज्या लग्नाचा चौक कलादालनात पोचला, त्याच लग्नाने वारली पुरुषाला गुलाम केले होते. लग्नासाठी सावकाराकडून वा जमीनदाराकडून थोडे कर्ज घ्यायचे आणि त्यापोटी नवरा-बायको दोघांनी वर्षानुवर्षे, कधी जन्मभर त्याच्याकडे राबायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात या पद्धतीचे वर्णन आहे. वेठबिगार आणि लग्नगडी या दोन्हींविरुद्ध १९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

मशे तेव्हा अकरा वर्षांचे होते, आणि उठावाचा मुलूख त्यांच्या जन्मगावाचाच. या इतिहासाला तीस वर्षे झाल्यावर मुंबईच्या प्रेक्षकांना तीच माणसे निसर्गाशी एकरूप, निरागस, फेर धरून नाचणारी म्हणून भेटली. चित्रे खोटी नव्हती. वारली नाचतातच. परंतु प्रदर्शनाच्या भाषेत ‘आदिम’, ‘कालातीत’ असे शब्द आले की तारखा गळून पडतात, आणि तारखांबरोबर जमिनीचा प्रश्नही.

आंदर मावळाला हा अनुभव वेगळ्या वाटेने परिचित आहे. आंद्रा नदीवरचे टाटांचे ठोकळवाडी धरण आणि कोकणात उतरल्यावरचे भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली कार्यान्वित झाले. खोऱ्यातले पाणी बोगद्याने घाटाखाली गेले आणि वीज मुंबईला. धरणाचा जलाशय आज पर्यटकांच्या छायाचित्रांत फार सुंदर दिसतो. पाण्याखालच्या शिवारांची नोंद त्या छायाचित्रात असण्याचे कारण नाही. प्रदर्शनाची मांडणी करणाऱ्याला ही सोय देता येईल का, हा मात्र प्रश्न आहे.

कॅनडात हा प्रश्न रस्त्यावर आला. म्हणून तिकडे वळू.

सुरुवात आपल्यासारखीच. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन नावाचा तरुण चित्रकार उत्तर ध्रुवाकडील इन्युइट वस्तीत गेला आणि दगडात कोरलेल्या लहान मूर्ती घेऊन परतला. कॅनेडियन हँडिक्राफ्ट्स गिल्डने नोव्हेंबर १९४९ मध्ये माँट्रियलला प्रदर्शन भरवले. तीन दिवसांत सारे विकले गेले. ह्यूस्टन आणि भास्कर कुलकर्णी ही दोन माणसे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत : दोघेही चित्रकार, दोघांच्याही मागे हस्तकलेची संस्था, दोघांचाही हेतू गरिबीवर उपाय शोधण्याचा.

पाटीच्या बाबतीत मात्र कॅनडाची गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. इन्युइट नावे लिहिणे सरकारी कारकुनांना अवघड जाई, म्हणून १९४० च्या दशकापासून प्रत्येक इन्युइट व्यक्तीला एक क्रमांक आणि तो कोरलेली बिल्ल्यासारखी चकती दिली गेली. कित्येक शिल्पांच्या तळाशी शिल्पकाराच्या नावाऐवजी हाच क्रमांक कोरलेला सापडतो. ही पद्धत जवळजवळ १९७० पर्यंत चालली. याच काळात किंगाइट येथील केनोजुआक अशेवाक या स्त्रीने १९६० साली काढलेले मंत्रमुग्ध घुबडाचे मुद्राचित्र जगभर गाजले आणि १९७० मध्ये टपाल तिकिटावरही आले. म्हणजे चित्र राष्ट्राचे भूषण, चित्रकर्ती सरकारी वहीतला एक क्रमांक.

ओंटारिओ प्रांतातील अनिशिनाबे समाजाचे नॉर्वल मॉरिसो हे मशे यांचे जवळजवळ समवयस्क. आजोबांकडून ऐकलेल्या कथा आणि भूर्जाच्या सालीवरची पारंपरिक रेखाटने त्यांनी ठळक काळ्या रेषांत आणि झगझगीत रंगांत आणली. १९६२ साली टोरोंटोतील दालनमालक जॅक पोलॉक यांनी त्यांचे प्रदर्शन लावले, आणि पहिल्याच दिवशी सगळी चित्रे विकली गेली. मॉरिसोंच्या समाजातील काही ज्येष्ठ मात्र नाराज झाले. या कथा पवित्र, त्या परक्यांपुढे मांडायच्या नव्हत्या, असे त्यांचे म्हणणे. घराच्या आतल्या काळोखातला चौक उजेडात आणताना आपल्याकडे असा विरोध झाला असेल तर त्याची नोंद कलाइतिहासाच्या पुस्तकांपर्यंत पोचलेली नाही.

१९७३ मध्ये डॅफ्नी ओजिग या चित्रकर्तीच्या विनिपेगमधील पुढाकाराने सात मूलनिवासी कलावंतांनी स्वतःची संघटना बांधली. मॉरिसो त्यांतलेच एक. मागणी साधी होती : आमची चित्रे मानववंशशास्त्राच्या कपाटात नकोत, कलादालनात हवीत. ओटावातील नॅशनल गॅलरी ऑफ कॅनडाची स्थापना १८८० ची. पण समकालीन कला म्हणून एखाद्या फर्स्ट नेशन्स कलावंताचे काम तिने विकत घेतले ते १९८६ साली, कार्ल बीम यांचे ‘द नॉर्थ अमेरिकन आइसबर्ग’.

त्यानंतर १९८८. कॅल्गरीच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या निमित्ताने तिथल्या ग्लेनबो संग्रहालयाने ‘द स्पिरिट सिंग्ज’ हे मूलनिवासी कलेचे भव्य प्रदर्शन आखले. प्रायोजक होती शेल ही तेल कंपनी. त्याच अल्बर्टा प्रांतात लुबिकन क्री लोक आपल्या भूमीच्या हक्कासाठी झगडत होते आणि त्या भूमीवर तेलाचे उत्खनन चालू होते. लुबिकनांनी जगभरातील संग्रहालयांना बहिष्काराचे आवाहन केले, आणि काही संग्रहालयांनी वस्तू द्यायला खरोखर नकार दिला. प्रदर्शन भरलेच. पण यापुढे पूर्वजांच्या वस्तू मांडताना जिवंत वारसांना वगळता येणार नाही, हे सर्वांना कळून चुकले. संग्रहालये आणि मूलनिवासींचे प्रतिनिधी यांचे संयुक्त कृतिदल नेमले गेले आणि १९९२ मध्ये त्याचा अहवाल आला.

१९९२ हे कोलंबसाच्या आगमनाला पाचशे वर्षे झाल्याचे वर्ष. त्या वर्षी ओटावा परिसरात दोन प्रदर्शने भरली. ‘इंडिजिना’ची मांडणी जेराल्ड मॅकमास्टर आणि ली-ॲन मार्टिन या दोघा मूलनिवासी क्युरेटरांनी केली. नॅशनल गॅलरीतल्या ‘लँड, स्पिरिट, पॉवर’च्या तीन क्युरेटरांपैकी रॉबर्ट हूल हे अनिशिनाबे चित्रकार. पाटी लिहिणारा हात बदलला तो इथे. पुढे २००६ मध्ये याच नॅशनल गॅलरीत नॉर्वल मॉरिसोंचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. तिथे एखाद्या फर्स्ट नेशन्स कलावंताचे एकट्याचे एवढे मोठे प्रदर्शन पहिल्यांदाच होत होते, आणि त्याचे क्युरेटर ग्रेग हिल स्वतः मोहॉक. मॉरिसो तेव्हा चाकाच्या खुर्चीत होते. पुढच्याच वर्षी ते वारले.

भारतात या काळात काहीच घडत नव्हते असे नाही. भोपाळच्या भारत भवनात १९८२ साली चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी आदिवासी आणि नागर कला एकाच छताखाली, बरोबरीने मांडली. जनगढ सिंह श्याम हा गोंड तरुण तिथूनच पुढे आला. १९९८ मध्ये ज्योतींद्र जैन यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात ‘अदर मास्टर्स’ हे प्रदर्शन केले. त्यात पाचच कलावंत होते : गंगादेवी, जिव्या सोमा मशे, जनगढ सिंह श्याम, सोनाबाई आणि नीलमणी देवी. पाचांपैकी तीन स्त्रिया आणि प्रत्येकाची स्वतंत्र जीवनकथा. ‘लोककला’ या शब्दाआड नाव पुसले जाण्यावर इतके नेमके उत्तर भारतात त्याआधी क्वचितच दिले गेले असेल. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात काम करत असताना जनगढ यांनी आत्महत्या केली, तेव्हा नाव मोठे होऊनही असा कलावंत किती एकटा असू शकतो हे दिसले.

मशे यांच्या वाट्याला २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फचे प्रदर्शन आले. ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग आणि मशे यांची कामे तिथे संवाद म्हणून आमनेसामने मांडली होती. लाँग चालण्यातून, दगडामातीतून कला घडवणारा, त्यामुळे जोडी अर्थपूर्ण होती. २०११ मध्ये मशे यांना पद्मश्री मिळाली. मे २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. स्वामिनाथन, जैन यांची आस्था आणि अभ्यास वादातीत आहे. तरी कॅनडाशी तुलना केली की एक फरक डोळ्यांत भरतो : आपल्याकडे आदिवासी कलावंत पाटीवर आला, पाटी लिहिणाऱ्याच्या खुर्चीत क्वचितच.

नकलेचा प्रश्नही दोन्हीकडे आहे, पण त्याचे रूप वेगळे. कॅनडात मॉरिसोंच्या नावाने बनावट चित्रांचा कारखानाच चालला. मार्च २०२३ मध्ये पोलिसांनी आठ जणांवर गुन्हे दाखल केले आणि हजाराहून अधिक चित्रे जप्त केली. तिथे चोरी झाली ती सहीची. वारली चित्राच्या बाबतीत सही चोरावी लागतच नाही. त्रिकोणांची माणसे पेल्यावर, साडीवर, कुर्त्यावर, रिसॉर्टच्या भिंतीवर कोणीही काढतो आणि त्याला चोरी म्हणत नाहीत. २०१४ साली वारली चित्राला भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्याने नावाला कायद्याचे थोडे संरक्षण आले. मात्र लोणावळ्याच्या एखाद्या हॉटेलमालकाने रंगाऱ्याकडून भिंत रंगवून घेतली, तर डहाणूच्या पाड्यावर तिची खबर कोण पोचवणार?

२०१३ मध्ये ओटावाच्या नॅशनल गॅलरीत ‘साकाहान’ नावाचे मूलनिवासी कलेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. ग्रेग हिल त्याच्या क्युरेटरांपैकी एक होते. मध्य प्रदेशातील गोंड चित्रकार व्यंकट रमण सिंह श्याम, जनगढ यांचे पुतणे, त्यात सहभागी झाले. भारतीय आदिवासी चित्रकाराची निवड करणारा क्युरेटर स्वतः आदिवासी असण्याचा प्रसंग असा परक्या भूमीवर घडला.

त्याच २०१३ मध्ये गंजाडला एक वेगळे काम सुरू झाले. छायाचित्रकार गौरी गिल यांनी तिथल्या परिसराची कृष्णधवल छायाचित्रे घेतली आणि वारली चित्रकार राजेश वांगड यांनी त्यांवर शाईने रेखाटन केले. छायाचित्रात ओसाड माळ दिसतो, रेखाटनात त्या माळावर पूर्वी उभे असलेले जंगल, सणवार, भांडणे, कारखाने, दंगे, स्थलांतर. कॅमेऱ्याला न दिसलेला इतिहास वांगड यांच्या रेषेने त्याच कागदावर भरला आहे. या मालिकेचे नाव ‘फील्ड्स ऑफ साइट’, आणि तिच्या प्रत्येक पाटीवर दोघांची नावे असतात.

गंजाडचेच तुषार आणि मयूर वायेडा हे भाऊ पुढच्या पिढीतले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे २०२१ साली सुरू झालेल्या दहाव्या एशिया पॅसिफिक ट्रायनियलमध्ये त्यांची ‘धरतरी’ ही चित्रमालिका मांडली गेली. विषय वारली समाजाची सृष्टीच्या उत्पत्तीची कथा. मशे यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू हेही चित्रकारच. डहाणूच्या पाड्यांवर लग्नघरी चौक आजही निघतो, त्यावर अजूनही कोणी सही करत नाही, आणि कोणत्या बायांनी तो काढला हे वऱ्हाडातल्या कोणालाही विचारले तरी कळते.